चौथं शील

कपिलच्या सदऱ्याचा खिसा उलटा करताना त्यातून दोन-चार बिया धुण्याच्या दगडावर पडल्या आणि बनाबाईचा हात जागीच थांबला.

ज्वारीच्या दाण्याएवढ्या, करड्या रंगाच्या, अंगावर बारीक काळसर रेघा. शेजारी सोनीबाई गोधडी तुडवत होती. तिनं मान वळवून पाहिलं.

“कशाचं बी हाय गं ते?”

“कुणाला ठावं. टेम्पोत काय काय भरत्यात,” बनाबाई म्हणाली आणि तिनं ओल्या हातानं बिया पाण्यात लोटून दिल्या. त्या बुडाल्या नाहीत. कालव्याच्या पाण्यावर गिरक्या घेत भिंतीच्या कडेकडेनं निघून गेल्या. दिसेनाशा होईपर्यंत बनाबाई बघत राहिली. मार्चचं ऊन पाठीवर तापत होतं.

ते बी तिच्या ओळखीचं होतं. लग्न होऊन ती येडगावला नांदायला गेली, तेव्हा घरादाराचं धुणं तिच्याच वाट्याला असे. धाकटा दीर धर्मा धरणाच्या कामावर होता. त्याच्या खिशातून अशाच बिया निघत. तिला वाटायचं, पोराला बागेचा नाद आहे. एकदा तिनं त्या अंगणातल्या आळ्यात टोचून दिल्या, तेव्हा धर्मा पोट धरधरून हसला होता. “वैनी, आता तुमी-आमी दोघंबी जेलात!” मग त्यानंच सांगितलं. गांजाच्या चिलमीत बी राहिलं तर ते फटकन फुटतं, ठिणगी डोळ्यात उडते. म्हणून ओढणारा आधी बिया निवडून काढतो.

धर्माला जाऊन किती वर्षं लोटली होती. आणि हा सदरा कपिलचा होता.

पिंपळवंडीत खंडूचं घर एका गोष्टीसाठी ओळखलं जाई. त्या घरात सुपारीचं खांडसुद्धा मिळत नसे. येडगावचं रान धरणात गेलं आणि खंडू-बनाबाई लहानग्या कपिलला कडेवर घेऊन इकडं आले. बनाबाईच्या माहेरच्यांनी आधार दिला. थोडं रान धरलं, त्यात कांदा आणि टोमॅटो करू लागले. खंडू बोलायला कमी, पण एका बाबतीत कडक. दिवेलागणीला भिंतीवरच्या भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं तिघांनी बसायचं आणि पंचशील म्हणायचं. पाऊस असो, पाहुणे असोत. पाचवं शील, नशापाणी करणार नाही हे, म्हणताना खंडूचा आवाज एकदम चढे. भिंतीपलीकडून सोनीबाई सुनेला हाक मारी, “खंडूबा पाचव्याला आलं गं, भाकरी टाक आता!”

या कडकपणावर भरवसा ठेवूनच गावातले बागाईतदार गेणभाऊ यांनी आपला टेम्पो कपिलच्या हाती दिला होता. खंडूचं पोर आहे, म्हणजे गाडी नीट जाईल आणि नीट येईल.

दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून देताना बनाबाईनं विचारलं, “कपिल, खिशात काय व्हतं?”

बाविशीचं पोर. आधी गोरंमोरं झालं, मग हसलं.

“घावलं व्हय तुला? आगं, मंचरला कांदा घेऊन जायचं आन लिलावाची वाट बघत बसायचं. बसून करायचं काय? डायवर लोक चिलीम फिरवत्यात. आमी गावातली चौघं आसतो. गंमत हाय नुसती. सोडीन.”

“आबांना कळलं तर?”

“तू सांगितलंस तर कळंल.”

बनाबाईनं सांगितलं नाही. गप्प बसायची तिला जुनी सवय होती.

पण अशी गोष्ट झाकून राहत नाही. एक दिवस मंचरच्या बाजारात कपिल टेम्पोत झोपला. लिलाव त्याच्या मालापाशी आला, कुणीतरी फळी बडवली, शिव्या दिल्या, तरी हा उठला नाही. लिलाव पुढं सरकला. संध्याकाळी तोच कांदा पडेल भावात द्यावा लागला. सकाळी गेणभाऊ स्वतः खंडूच्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. पाराकडून येणारी-जाणारी माणसं थबकली.

“खंडू, तुझ्या घरात सुपारी न्हाई म्हणून चावी दिली व्हती मी,” गेणभाऊ म्हणाले. “आता घरात काय काय निघतंय ते बघ. आण रं चावी.”

कपिलनं चावी पुढं केली. गेणभाऊंनी ती घेतली, धोतराच्या सोग्याला नीट पुसली आणि खिशात टाकली.

चावी पुसली ते सगळ्यांनी पाहिलं. खंडूनंही पाहिलं. वीज पडल्यावर झाड जळायच्या आधी क्षणभर तसंच उभं असतं, तसा तो उंबऱ्यात उभा राहिला. मग आत येऊन एवढंच म्हणाला, “वढतोस?”

“व्हय.”

“सोड.”

“सोडतो, आबा. तुमच्या पायाची आण.”

आणि पोरगं खरं बोलत होतं. त्या दिवसापासून त्यानं चिलीम टाकली. कांदा काढायला आलाच होता. तिघंही रानात लागली. खंडू कुदळीनं ढेकूळ सैल करी, कपिल पात धरून उपटी, बनाबाई मागून सऱ्यांत मांडत जाई, एका ओळीतल्या पातीखाली दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जाईल अशी. पण कपिलच्या हाताला थारा नव्हता. उन्हाच्या आधीच सदरा घामानं भिजे. भाकरीचा घास तोंडात घोळत राही आणि तो तसाच बांधावर थुंकून देई. झोप नाही. डोळा लागला तर ओरडून उठे. एकदा कालवणात मीठ जास्त झालं म्हणून त्यानं ताटली भिरकावली. ती पिंपावर आदळून गरगरत राहिली. मग स्वतःच ती उचलून आणली आणि आईपुढं लहान लेकरासारखा रडला.

आठवडा गेला न गेला, तोच एका दुपारी बैलांना पाणी पाजायला म्हणून गेला आणि तांबारलेले डोळे घेऊन आला. चेहरा शांत. खंडूनं काठी उचलली. पण ती खाली आलीच नाही. हातात तशीच राहिली.

असं दोनदा झालं, तीनदा झालं. सोडायचा, कळवळायचा, पुन्हा जायचा. त्याच्यासोबतचे तिघं केव्हाच मोकळे झाले होते. जानकूच्या पोराला बापानं दोन कानाखाली दिल्या, तेवढ्यावर त्यानं चिलमीकडं पाठ फिरवली. दुसऱ्याचं लग्न ठरलं, तो विसरून गेला. तिसरा म्हणे, मला तिची कधी आठवणच येत नाही.

“एका चिलमीवर चौघं बसली,” खंडू बांधावर बसून म्हणाला. “तिघं धुरळा झाडून उठली. ह्योच का बसून ऱ्हायला?”

बनाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, त्यानं तिच्याकडं. दोघांच्याही ओठांवर एकच नाव आलं आणि दोघांनीही ते गिळलं.

गावातल्या नर्सबाईनं सुचवलं, म्हणून ती तिघं मंचरला गेली. तिथल्या एका दवाखान्यात पुण्याहून मनाच्या आजारांची डॉक्टरीण दर बुधवारी येत असे. बाकावर आधीपासून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं खंडूला विचारलं, “पावणं, कुणाला दाखवायचं?” खंडू म्हणाला, “मला. गुडघा दुखतो.” म्हातारा बिचकला. या दारात गुडघ्याला कोण येतं?

डॉक्टरीण वयानं लहानच होती. तिनं कपिलला आधी पाणी दिलं. रागावली नाही. त्यामुळं कपिल बोलू लागला.

“तिघांचं सुटलं आणि तुझं नाही, याचं तुला काय वाटतं?”

“त्यांना पयल्या झुरक्याला ठसका लागला, मॅडम. एक तर वकला. माझं तसं झालं नाय. माझ्या डोक्यात ल्हानपणापास्नं गिरण चालू आसती. ती त्या दिवशी पयल्यांदा बंद झाली.”

बनाबाईनं पदर तोंडाशी धरला.

गिरण. येडगावच्या ओट्यावर बसून धर्मा हेच बोलला होता. “वैनी, तुमाला काय कळणार! डोक्यातली गिरण बंद व्हती.” हाच शब्द. कपिलला धर्माला पाहिल्याचंसुद्धा आठवत नव्हतं. एक काका होता आणि तो तापानं गेला, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. तरी तीच गिरण त्याच्या डोक्यात कुणी बसवली?

“रक्ताच्या नात्यात कुणाला होतं का असं?” डॉक्टरीणबाईंनी खंडूला विचारलं. “वडील, काका, आजोबा?”

“आमच्या घरात सुपारीसुदीक नाय.”

“घरातलं नाही विचारत, काका. रक्तातलं विचारते.”

खंडूनं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. “नाय,” तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली. मग शाळेत पोरांना सांगावं तसं सावकाश समजावू लागल्या. गांजा ओढून बघणारे पुष्कळ. त्यातल्या थोड्यांना तो धरून ठेवतो. कुणाला धरतो, यात संगत येते, वय येतं, मनातलं दुःख येतं. आणि निम्म्याच्या आसपास रक्तातून आलेला कल असतो. एकाच घरातल्या, जुळ्या भावंडांच्या, दत्तक गेलेल्या मुलांच्या तपासण्या करून डॉक्टर लोकांनी हे काढलेलं आहे.

“म्हंजे नशीबच की,” खंडू म्हणाला.

“नशीब नव्हे. तुमच्याकडं बिबटे आहेत ना उसात?”

“लई झालेत आता.”

“मग ज्या उसात बिबट्या आहे हे माहीत असतं, तिकडं जाताना तुम्ही काय करता?”

“बॅटरी घ्यायची, काठी घ्यायची. एकट्यानं जायचं नाय. मोठ्यांदी बोलत जायचं.”

“आणि ज्याला कुणी सांगितलंच नाही, तो?”

खंडूनं गुडघ्यावरची टोपी उचलून हातात फिरवली.

“रक्तातला कल म्हणजे तेवढंच,” बाई म्हणाल्या. “बिबट्या खाईलच असं नाही. पण माहीत असलेलं बरं. तुमच्याकडं तसं कुणी नाही म्हणता, तर ठीक आहे.” त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, कपिलला दर बुधवारी यायला सांगितलं.

एसटीत कपिल खिडकीला डोकं टेकून बसला. मागच्या बाकावर बनाबाई हळूच म्हणाली, “अवो, सांगू या त्याला.”

“काय सांगायचं? तू आमचा नाय म्हणून?”

“त्यो आपलाच हाय.”

“मंग झालं तर.” खंडूचा आवाज घोगरा झाला. “मला वाटलं, धर्माचं नावच त्याच्या कानावर पडू दिलं नाय, म्हंजे ती वाटच बुजली. लई शील पाळलं गं आपुन. पाचवं तर आसं पाळलं…”

“आन चौथं?” बनाबाई म्हणाली.

खंडू तिच्याकडं बघतच राहिला. खोटं बोलणार नाही, हे चौथं. इतकी वर्षं रोज दिवेलागणीला तिघांनी मिळून म्हटलेलं.

कांदा वाळला होता. आता पात कापायची होती. मान बोटभर ठेवायची आणि विळ्यानं पात उडवायची. बनाबाई आणि कपिल ढिगाशी समोरासमोर बसली होती. खंडू खालच्या रानात टोमॅटोला पाणी देत होता. गोळ्यांनी कपिलला थोडी झोप लागे, पण तोंड उतरलेलं.

“आई, एक सांगू?” कपिल म्हणाला. “मी लई इचार केला. तू आशी, आबा तसं. उभ्या गावात आशी मानसं नाय. तुमच्या पोटी मी आसा कसा निपजलो? त्या बाई म्हणत्यात रक्तात कुणाला आसतं. आपल्यात कुणालाच नाय. म्हंजे बी चांगलं, रान चांगलं, मीच किडका.”

“आसं बोलू नये, बाळा.”

“खरं तेच बोलतो. कालव्याच्या कडंनी येताना पाणी बघितलं की लई गार वाटतं. वाटतं, आत गिरण चालत नसंल.”

बनाबाईच्या हातातला विळा गळून पडला. बोटाला कापलं. रक्त कांद्यावर टपकू लागलं, तिकडं तिचं लक्षच नव्हतं.

“तू किडका नाय,” ती म्हणाली. “तू माझ्या पोटचा नाय, कपिल.”

कपिल हसला. आईला ऊन लागलं असं वाटून त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. मग त्यानं तिचा चेहरा नीट पाहिला आणि तांब्या तसाच हातात धरून ठेवला.

ती सांगत गेली. तुझा बाप धर्मा, आबांचा धाकटा भाऊ. तुला जन्म देणारी कुशाबाई बाळंतपणातच गेली. तू माझ्या मांडीवर आलास तेव्हा तुझी नाळसुद्धा वाळली नव्हती. धर्मा तापानं नाही गेला. त्याला गांजा होता. धरणाच्या कामावर सगळेच ओढत. काम संपलं, सगळ्यांचं सुटलं, त्याचं सुटलं नाही. एका दिवशी ओढून कालव्याच्या भिंतीवर झोपला आणि झोपेतच पाण्यात गेला. “त्योबी गिरणच म्हणायचा, कपिल. हाच शब्द. दवाखान्यात तू बोललास आन माझं काळीज थांबलं.”

“कुणाकुणाला ठावं हाय?”

“येडगावच्या भावकीला, माझ्या माहेरच्यांना. समद्यांना शपथ घातली व्हती.”

“म्हंजे मी सोडून समद्यांना.”

त्यानं तांब्या खाली ठेवला. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी ठेवला. उठला आणि कालव्याच्या वाटेनं चालू लागला.

बनाबाईला उठताच येईना. “अवोऽ,” तिनं अशी हाक मारली की खालच्या रानात खंडूच्या हातातून खोरं पडलं. तो धावत आला. चिखलात एक वहाण रुतली, ती तिथंच राहिली. “सांगितलं मी,” एवढंच ती म्हणाली. खंडूनं विचारलं नाही, काय. एका पायात वहाण, एक पाय अनवाणी, असा तो साठीकडं झुकलेला माणूस कालव्याकडं पळत सुटला.

कपिल भिंतीवर बसला होता. पाय पाण्याच्या बाजूला सोडलेले. पाणी काठोकाठ वाहत होतं.

खंडू त्याच्याजवळ गेला नाही. धाप आवरत, हातभर अंतर ठेवून तोही भिंतीवर बसला. त्यानंही पाय पाण्याकडं सोडले. मागून बनाबाई आली आणि उभीच राहिली. पदरात बोट गुंडाळलेलं, पदर लाल झालेला.

“इथंच झोपला व्हता?” कपिलनं विचारलं.

“नाय. वर, येडगावच्या अंगाला.”

“तुमी त्याला सोड म्हणला नाय?”

“रोज म्हणायचो. मारला. एकदा झाडाला बांधून ठिवला, रातंदिस. माजलाय म्हणायचो. आजार आसतो हे कुणाला ठावं?”

“दवाखान्यात नेला व्हता का?”

“नाय.”

पाण्यावरून एक वाळकी काटकी आली, भिंतीला अडली, सुटली, पुढं गेली.

“मला नेलंत,” कपिल म्हणाला.

खंडूनं तोंड फिरवलं. बनाबाईनं त्याला आजवर भावाच्या मढ्यापाशीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. तो आता रडत होता, आवाज न करता, खांदे हलवत.

मग कपिलनं पाय आतल्या बाजूला घेतले. उतरला. खंडूच्या अनवाणी पायाकडं त्याचं लक्ष गेलं.

“वहाण कुठाय?”

“ऱ्हायली रानात.”

“बसा. आणतो.” दोन पावलं गेला आणि थांबला. पाठमोराच म्हणाला, “बुधवारी त्या बाईंना खरं सांगायचं, आबा. मी नाय सांगणार. तुमीच सांगायचं.”

‘आबा’ म्हणाला. बनाबाईनं तेवढंच ऐकलं आणि ती वाळल्या गवतात मटकन खाली बसली.

दिवेलागण झाली. कुणी कुणाला बोलावलं नाही. खंडूनं मेणबत्ती लावली आणि तिघं नेहमीच्या जागी बसली. कपिलच्या हातांना कांद्याचा वास येत होता. उद्या काय होईल, परवा तो पुन्हा कुठल्या बांधाआड जाईल का, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

खंडूनं सुरुवात केली. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्यापाशी त्याचा आवाज थांबला. ओठ हलले, पण शब्द येईना. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती.

मग कपिल म्हणाला. डोळे मिटून, हळू, एकेक शब्द सुटा करून त्यानं चौथं शील म्हटलं. शेवटच्या शब्दाला बापाचा आवाज कसाबसा त्याच्या आवाजाला येऊन मिळाला.

पाचव्याला कपिलनं तोंड उघडलं आणि त्याचाच आवाज फुटला. पुढं जाईना. खंडूनं हात लांबवून त्याच्या हातावर ठेवला. आज तो आवाज चढवत नव्हता. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पोराला पहिल्यांदा बोलायला शिकवावं तसा, तो एक शब्द म्हणे आणि थांबे. कपिल तो शब्द म्हणे. मग पुढचा.

भिंतीपलीकडं तवा तापून धूर सुटला होता. सोनीबाईनं दोनदा कान दिला आणि शेवटी ओरडून विचारलं, “बने, आगं आज पाचवं झालं का न्हाई अजून?”

“चालू हाय,” बनाबाई म्हणाली.